डंक बसवायचाय: वायरमन, कॉन्ट्रॅक्टर की मोटार रिवाइंडिंगवाला?

बावडेकरीण

कोल्हापुरात कसबा बावड्यात आमचं जुनं घर आहे. मागं कौलारू, पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या. पुढच्या खोलीत चटणी कांडायचा डंक टाकायचं ठरलंय. यंत्राला ३ एचपीची थ्री फेज मोटार आहे, आणि घरात आत्ता सिंगल फेज मीटर. मागचं वायरिंग सासऱ्यांच्या काळातलं, लाकडी पट्टीवरचं. अर्थिंगची तार भिंतीत शिरते आणि पुढं कुठं जाते हे घरात कुणालाच सांगता येत नाही. उन्हाळ्याचा चटणीचा हंगाम सुरू व्हायच्या आत डंक चालू करायचाय.

आतापर्यंत तिघं बघून गेले. गल्लीतला वायरमन म्हणतो, "वहिनी, सगळं मी करतो, मीटरचं नंतर बघू." उद्यमनगरातला मोटार रिवाइंडिंगवाला म्हणतो, स्टार्टर माझ्याकडनं घ्या, मीटरपासनं केबलपण मीच ओढतो. तिसरा लायसनवाला कॉन्ट्रॅक्टर. त्यानं वायरमनच्या जवळजवळ दुप्पट सांगितले आणि बोलताना सारखं "टेस्ट रिपोर्ट, टेस्ट रिपोर्ट". आमच्या ह्यांचा कल पहिल्याकडं, कारण माणूस ओळखीचा. कुणाचं काम नेमकं काय, एवढंच कुणीतरी नीट सांगा.

पेठेतला_भावा

वायरमनलाच द्या की वहिनी. आमच्यात मंगळवार पेठेत वर्षानुवर्षं एकच माणूस येतोय, काय झालं नाही. कॉन्ट्रॅक्टर नुसता सहीचे पैसे घेतो.

शिरोली_निवृत्त

भावा, सही विकणारे आहेत, हे मान्य. पण म्हणून सहीच नको म्हणायचं, हे काय पटत नाही.

ताई, माझी नोकरी शिरोली एमआयडीसीत सुपरवायझर म्हणून झाली, त्यामुळं ही सगळी मंडळी जवळून बघितलीत. आपल्याकडं विद्युत कामाला तीन वेगवेगळे परवाने असतात. वायरमनचा परवाना हातानं काम करणाऱ्याचा. सुपरवायझरचं प्रमाणपत्र देखरेख करणाऱ्याचं. आणि ठेकेदाराचं लायसन काम अंगावर घेऊन त्याची जबाबदारी घेणाऱ्याचं. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला यातलं काही लागत नाही, नियमातच तशी सूट आहे. पण नवं वायरिंग, भार वाढवणं, आहे त्यात फेरफार, हे लायसनच्या ठेकेदारामार्फत, सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परवान्याच्या वायरमनच्या हातूनच व्हायला पाहिजे. म्हणजे तुमचा गल्लीतला माणूस यात बसतो, फक्त एकटा बसत नाही.

आयटीआयचं सर्टिफिकेट हा परवाना नव्हे, हेही सांगून ठेवतो. कळंब्याच्या आयटीआयतनं पोरं चांगली शिकून येतात, पण परवाना वेगळा काढावा लागतो. बरीच जण तो काढतच नाहीत.

रिवाइंडिंगवाल्याला मी नावं ठेवणार नाही, उद्यमनगरातले कारागीर मोटारीच्या बाबतीत लई भारी. स्टार्टर कुठला घ्यावा, ओव्हरलोड रिले (जादा करंट ओढला की मोटार बंद करणारा) मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरला कसा लावावा (३ एचपीला साधारण साडेचार-पाच अँपिअर येतात), एक फेज गेली तर मोटार जळू नये म्हणून प्रिव्हेंटर कुठला, डंक उलटा फिरला तर कुठल्या दोन तारा बदलायच्या, हे त्यालाच विचारा. पण त्याची हद्द स्टार्टरपासून मोटारीपर्यंत. मीटरपासून बोर्डापर्यंतची केबल, एमसीबी आणि अर्थिंग त्याच्या गळ्यात घालू नका.

महावितरणची हद्द मीटरपर्यंत. मीटरमधून बाहेर पडणाऱ्या तारेपासून पुढं सगळं तुमचं. त्यामुळं घरातलं वायरिंग लाईनमनकडून ओळखीनं करून घ्यायचा विचार असेल तर तोही सोडा.

आणि "मीटरचं नंतर बघू" हे वाक्य मला अजिबात आवडलेलं नाही. मसाला कांडप औद्योगिक दरात मोडतं. घरगुती जोडणीवर डंक चालवला आणि तपासणी झाली तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली आकारणी होऊ शकते, तीही दुप्पट दरानं, आणि कधीपासून चालू आहे ते ठरवता आलं नाही तर मागचे १२ महिने धरून. डंकासाठी थ्री फेजचा वेगळा अर्ज करा, त्यात कारण खरं लिहा. त्या अर्जालाच ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासून दिलेला सहीचा कागद, लागतो. तुमचा तिसरा माणूस सारखं तेच बोलत होता ते त्यामुळंच.

बावडेकरीण

काका, लई उपकार. पण सही विकणारा आणि खरा, हे ओळखायचं कसं? लायसन दाखवा म्हटलं तर माणूस रागावतो.

शिरोली_निवृत्त

रागावला तर रागावू दे, चहा पाजा आणि परत मागा. वायरमनच्या परवान्यावर फोटो असतो, मुदत असते. ठेकेदाराच्या लायसनवरचं नाव आणि बिलावरचं नाव एकच आहे का बघा. तारीख संपलेली निघाली तर तिथंच थांबा.

पण माझी खरी परीक्षा दुसरी. सरळ विचारा, "मेगर घेऊन कधी येणार?" मेगरनं ५०० व्होल्ट सोडून तारेचं इन्सुलेशन मोजतात, ते किमान १ मेगओहम यायला पाहिजे. अर्थिंगचा रोध मोजायचं यंत्र वेगळं. घरी न येता रिपोर्टवर आकडे लिहून देतो म्हणणारा सहीच विकतोय. तुमच्या लाकडी पट्टीच्या वायरिंगला मेगर लावला की मागचं घर ठेवायचं की बदलायचं, हेही आपोआप कळेल. माझा अंदाज, बदलावंच लागेल.

३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, बसवून घ्या. जुन्या घरात न्यूट्रल एकमेकांत गुंतलेले असतात, मग ती सारखी पडते आणि काही बहाद्दर "त्रास देतीया" म्हणून तिला बगल देऊन तार जोडतात. तसं करणाऱ्याला तिथनंच परत पाठवा. न्यूट्रललाच अर्थिंग जोडून "झालं बघा" म्हणणाऱ्यालाही.

उचगावची_कांडपवाली

ताई, माझा डंक आहे म्हणून सांगते. स्टार्टर डंकाच्या डोक्यावर लावू नका. मिरचीची भुकटी आत जाऊन बसते आणि कॉन्टॅक्ट चिकटतात. मी पलीकडच्या भिंतीला लावून घेतलाय. बंद करायचं बटण मात्र हाताशी पाहिजे, पदर-ओढणी अडकली तर पळत कोण जाणार? मोटार बंद बॉडीचीच घ्या. आणि बावड्यात आहात, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते घरच्यांना माहीत असेल, मीटर-बोर्ड त्याच्या वर. हे केबल ओढायच्या आधीच सांगायचं, नाहीतर नंतर परत पैसे मागतात.

पेठेतला_भावा

काका, आमच्या वायरमनला आज परवाना विचारला. म्हणाला घरी आहे, उद्या आणतो.

बावडेकरीण

आमचं असं ठरलंय: अर्ज, केबल, अर्थिंग, मागचं वायरिंग कॉन्ट्रॅक्टरकडं. गल्लीतल्या वायरमनचा परवाना मुदतीत निघाला, म्हणून तुमच्याच हाताखाली ह्याला घ्या असं कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं, तो कबूल झाला आणि दरही थोडा उतरवला. स्टार्टर उद्यमनगरातनं. मेगरचं विचारलं तर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, शनिवारी सकाळी आणतो, घरातले दिवे-पंखे सगळे बंद ठेवा.

शिरोली_निवृत्त

बरोबर सांगितलंय त्यानं. नुसते बंद नकोत, टीव्ही, फ्रिज, मिक्सर सगळ्यांचे प्लग काढून ठेवा. आणि अर्थिंगचा खड्डा तुमच्या डोळ्यांदेखत खणायला लावा.