आरोग्य विम्याची माहिती फुटली, अण्णांसाठी आता काय काय करावं? सल्ला हवा

आसावरी_सांगली:
नमस्कार मंडळी. अण्णांच्या (वय ७४) आरोग्य विमा कंपनीकडून मेल आला आहे. 'काही ग्राहकांची माहिती अनधिकृत व्यक्तींपर्यंत पोहोचली असण्याची शक्यता आहे', इतकंच मोघम. कोणती माहिती, कधीची, याबद्दल चकार शब्द नाही. त्यानंतर दोनच दिवसांत अण्णांना फोन आला. समोरच्याला पॉलिसीचा नंबर ठाऊक, मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात झालं ते ठाऊक, क्लेमची रक्कम रुपयापर्यंत बरोबर. 'तुमचे थोडे पैसे आमच्याकडे राहिलेत, खात्यात टाकायचेत, आलेला ओटीपी सांगा.' आईने फोन हातात घेतला आणि 'मुलीला विचारून सांगते' म्हणून ठेवून दिला, म्हणून निभावलं.

पैसे गेले नाहीत, पण अण्णा धास्तावलेत. 'त्याला माझं सगळं माहीत होतं गं', हेच सारखं म्हणतात. आता सुरुवात कुठून करू? आधार, पॅन बदलून मिळतं का? खातं बंद करावं का? डार्क वेबवर (चोरलेली माहिती विकली जाते तो इंटरनेटचा लपलेला भाग) लक्ष ठेवणारी पैसे भरून घ्यायची सेवा दिसते, ती घ्यावी का?

ओंकार_ठाणे:
ताई, आधी एक सांगा. क्लेमच्या वेळी काय काय अपलोड केलं होतं? आणि त्या पोर्टलचा पासवर्ड आणखी कुठे वापरलाय का?

आसावरी_सांगली:
आधार आणि पॅनचे स्कॅन, रद्द केलेला चेक, डिस्चार्ज कार्ड, बिलं. पासवर्ड अण्णांच्या जीमेललाही तोच आहे, वीजबिलाच्या ॲपलाही.

ओंकार_ठाणे:
मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फुटलेल्या माहितीचे दोन ढीग करा. एकात बदलता येतं ते: पासवर्ड, कार्ड, पिन. दुसऱ्यात जे जन्मभर तेच राहणार: जन्मतारीख, आधार, पॅन, आजारपण. पहिला ढीग आजच निपटायचा. दुसऱ्याला कुलूप लावायचं आणि लक्ष ठेवायचं. लोक नेमकं उलटं करतात, आधारची चिंता करत बसतात आणि मेलचा पासवर्ड जुनाच राहतो.

म्हणून सुरुवात जीमेलपासून. ज्याच्या हाती मेल, त्याच्या हाती 'पासवर्ड विसरलात?' हे बटण, म्हणजे बाकी सगळी खाती. नवा, लांब, दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवा. तेवढ्यावर थांबू नका. सिक्युरिटीच्या पानावर जाऊन कोणकोणत्या उपकरणांवर खातं उघडं आहे ते बघा, अनोळखी असेल ते साइन आउट करा. रिकव्हरीचा नंबर आणि मेल अण्णांचाच आहे ना, ते तपासा. मग सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. ही जागा कुणी बघत नाही. आत शिरलेला माणूस तिथे एक नियम लावून ठेवतो, बँकेचे मेल परस्पर त्याच्याकडे जातात आणि इकडे दिसतही नाहीत. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. त्यानंतर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. म्हणजे पासवर्डसोबत दुसरा पुरावाही लागतो. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड दाखवणारं) किंवा पासकी (फोनच्या लॉकनेच साइन-इन) चांगली.

हे सगळं स्वच्छ मशीनवरून करा. जून २०२५ मध्ये '१६ अब्ज पासवर्ड फुटले' अशी बातमी आली होती ना, त्यातला मोठा भाग एका कंपनीतून गेलेला नव्हता. लोकांच्याच कॉम्प्युटरमध्ये शिरलेल्या चोरट्या प्रोग्रॅमांनी ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड उचलले, त्याचे ते ढीग होते. फुकटात मिळालेलं क्रॅक सॉफ्टवेअर हा त्यांचा नेहमीचा रस्ता. अशा मशीनवर बसून बदललेला नवा पासवर्डही त्यांनाच मिळतो.

ती पैसे भरून घ्यायची सेवा घेऊ नका. एकदा बाहेर गेलेली माहिती कुणी परत आणून देऊ शकत नाही. 'तुमचा डेटा डिलीट करून देतो' म्हणत कुणी फोन केला तर तो हमखास भामटा.

वैदेही_डों:
ओंकार, ईमेल टाकून तपासायची ती साइट, हॅव आय बीन पोन्ड, भरवशाची आहे का? आपणच ईमेल देऊन टाकायचा याची भीती वाटते.

ओंकार_ठाणे:
हो, बिनधास्त वापरा. ट्रॉय हंट हे ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञ २०१३ पासून ती चालवतात. पासवर्ड तपासायची सोयही नीट विचार करून बांधली आहे. तुमच्या पासवर्डचा हॅश (त्यापासून बनणारी, उलट न उलगडता येणारी अक्षरांची खूण) तुमच्याच ब्राउझरमध्ये तयार होतो आणि त्याची फक्त पहिली पाच अक्षरं पुढे जातात. त्या पाच अक्षरांनी सुरू होणारी सगळी यादी परत येते, जुळणी तुमच्याकडेच होते. पासवर्ड काय होता ते त्यांनाही कळत नाही. पण तिथे नाव नाही म्हणजे आपण सुटलो, असं धरू नका. प्रत्येक फूट त्यांच्यापर्यंत पोहोचतेच असं नाही, शिवाय आधार-पॅन तिथे तपासलं जात नाही.

निवृत्त_बँकर:
आसावरीताई, मी बँकेत नोकरी केली, त्या बाजूचं सांगतो.

खातं बंद करायची गरज नाही. नुसता खाते क्रमांक आणि आयएफएससी कळून पैसे निघत नाहीत. मात्र रद्द चेकवर वडिलांनी सही केली असेल, तर सहीचा नमुनाही गेला असं समजा. शाखेत लेखी कळवून ठेवा आणि नेटबँकिंगमध्ये चालू मॅन्डेट (खात्यातून आपोआप पैसे कापायच्या परवानग्या) बघा. आपण न दिलेला दिसला तर लगेच हरकत घ्या.

खरा धोका पॅनचा. पॅन, जन्मतारीख आणि आधारची प्रत एवढ्यावर कुणी ॲपवरून छोटं कर्ज काढू पाहतं आणि आपल्याला कळतं ते वसुलीचा फोन आल्यावर. म्हणून क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांचा अहवाल, बघत राहा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, या चारही संस्थांनी वर्षाला एक संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही एकदम मागवू नका, दर तीन महिन्यांनी एकेकीकडून मागवा, म्हणजे वर्षभर पहारा राहतो. 'अकाउंट्स' आणि 'एन्क्वायरी' हे दोन भाग नीट वाचा. आपण कर्ज मागितलंच नाही आणि एन्क्वायरी दिसते, तर तिथेच तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देणं लागतं. हा नियम ठणकावून सांगा, कामं हलतात.

बँकांच्या साइट आता 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर गेल्या आहेत, तेवढं वडिलांना दाखवून ठेवा.

सुनंदा_कराड:
आधारबद्दल माझ्याकडून. आधार नंबर बदलून मागायच्या मागे लागू नका, बायोमेट्रिक लॉक करा. आधारच्या अधिकृत ॲपवर किंवा आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर होतं, पैसे लागत नाहीत. आधाराला जोडलेला मोबाइल नंबर मात्र चालू हवा. लॉक केलं की बोटाचे ठसे, डोळा, चेहरा यांपैकी कशानेही कुणाला पडताळणी करता येत नाही. जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे उचलून, त्यांचे नकली ठसे बनवून आधारवरून पैसे काढल्याचे गुन्हे काही राज्यांत उघडकीला आलेत, तेव्हा ही भीती पोकळ नाही. बँकेला सांगून आधारवरून पैसे काढायची सोयही बंद करता येते. अण्णा ती वापरत नसतील तर करून टाका.

एक गोष्ट विसरू नका. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा डिजिटल दाखला देताना ठसा किंवा चेहरा लागतोच, रेशनच्या केवायसीलाही लागतो. त्या वेळी तात्पुरतं अनलॉक करायचं. हे माहीत नसलं की म्हातारी माणसं रांगेत उभी राहतात आणि मशीन 'फेल' सांगतं. यापुढे हॉटेलात, सोसायटीत मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

दूरसंचार खात्याच्या संचार साथी या साइटवर अण्णांच्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही बघा. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतं.

मंदार_न्यूजर्सी:
इकडे २०१७ मध्ये इक्विफॅक्समधून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. त्यानंतर २०१८ पासून क्रेडिट फ्रीझ (आपला क्रेडिट रिपोर्ट गोठवणं, म्हणजे आपल्या नावावर कुणाला नवं कर्ज काढणं अवघड) सगळ्यांना फुकट झालं. अमेरिकेत राहणाऱ्यांनी तिन्ही ब्युरोंकडे आजच फ्रीझ करून ठेवा, फूट व्हायची वाट बघू नका.

वैदेही_डों:
पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड सांभाळणारं ॲप, कुठला घ्यावा? आणि आसावरी, अण्णांना तो जमेल का?

ओंकार_ठाणे:
बिटवॉर्डन. फुकटची आवृत्ती घरच्या वापराला पुरते, त्याचा कोड खुला आहे. ते ॲप उघडायचा मास्टर पासवर्ड मात्र कधीही कुठेही वापरलेला नसावा. २०२२ मध्ये लास्टपास या मॅनेजरच्याच ग्राहकांच्या एनक्रिप्ट केलेल्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या होत्या. ज्यांचा मास्टर पासवर्ड तकलादू, त्यांनाच जास्त धोका.

अण्णांसाठी वही ठेवा. खरंच सांगतो. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड आणि वही कपाटात कुलपात, हे सगळीकडे एकच पासवर्ड असण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. रशियातला चोर सांगलीच्या कपाटापर्यंत येत नाही. बँकेचा पिन तेवढा वहीत नको.

ॲड_निखिल:
कंपनीला सोडू नका. तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारा: माझी कोणकोणती माहिती गेली, कोणत्या काळातली, कागदपत्रांचे स्कॅन गेले का. २०२१ मध्ये एअर इंडियाने सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटल्याचं कळवलं, तेव्हा ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ हा काळ सांगितला होता, पासपोर्ट आणि कार्डाचे तपशील त्यात आहेत, सीव्हीव्ही नाही, हेही सांगितलं होतं. एवढं कळलं तरच माणूस काही करू शकतो. उत्तर आलं नाही किंवा गुळमुळीत आलं, तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. फुटीची माहिती ग्राहकाला स्पष्ट शब्दांत कळवण्याचं बंधन त्यात आहे, पण तो भाग लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. सुरक्षेत कसूर केली तर दंड २५० कोटींपर्यंत. तो सरकारजमा होतो, ग्राहकाच्या हाती त्यातलं काही येत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. तरीही लेखी तक्रार असू द्या. उद्या अण्णांच्या नावावर कुणी कर्ज काढलं, तर माहिती कधी आणि कुठून गेली याचा कागद हाताशी हवा.

आसावरी_सांगली:
सगळ्यांचे मनापासून आभार. जीमेल झालं, फिल्टरमध्ये काही सापडलं नाही. बायोमेट्रिक लॉक केलं. सिबिलचा अहवाल स्वच्छ आहे. कंपनीला पत्र उद्या जाईल.

अण्णांचं कसं करू, ते मात्र अजून कळत नाही. फोन वाजला की दचकतात.

सुनंदा_कराड:
आसावरी, त्यांना एवढंच पटवून दे की समोरच्याला आपली माहिती असणं ही त्याची ओळख नव्हे. आता ती माहिती कुणाकडेही असू शकते. पॉलिसी नंबर सांगितला, ऑपरेशन सांगितलं, उद्या आधारचे आकडे सांगेल, 'पोलीस बोलतोय, डिजिटल अटक केली आहे' म्हणेल. अशी अटक कायद्यात नाहीच. फोन ठेवायचा आणि पॉलिसीच्या कागदावरच्या नंबरला आपण स्वतः लावायचा. फोन ठेवणं म्हणजे उद्धटपणा, असं त्या पिढीला वाटतं, तिथेच ही माणसं अडकतात. आईंनी केलं ते अगदी बरोबर होतं. तेच वाक्य अण्णांनाही शिकव: 'मुलीला विचारून सांगतो.'

निवृत्त_बँकर:
आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर फोनशेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पैसे गेलेच तर आधी तिथे, मग बँकेत. पैसे पुढच्या खात्यांत पसरायच्या आत कळवलं तर ते गोठवता येतात. फोन लावताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि मेसेजमधला यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) समोर ठेवा. वडिलांना यूटीआर कुठे दिसतो ते माहीत नसेल, तर एखाद्या जुन्या व्यवहाराच्या मेसेजवर आजच बोट ठेवून दाखवा.