दोनशे पेपर आणि एक पंचगंगा

उद्यमनगरचा भट्टीवाला

परवा भाच्यानं बोलावलं म्हणून एका कॉलेजातल्या परिषदेला गेलो. फलक हा मोठा: अभियांत्रिकी, पर्यावरण, वैद्यक आणि गणित, सगळ्यांतलं उपयोजित संशोधन एकाच मांडवात. दोन दिवसांत दोनशेच्या आसपास पेपर. माणशी सात मिनिटं, त्यातली दोन मान्यवरांचे आभार मानण्यात. मग प्रमाणपत्र, फोटो, मसालेभात.

भाच्याचा पेपर फौंड्रीच्या वाया गेलेल्या वाळूपासून पेव्हर ब्लॉक. ती वाळू माझ्याच शेडमागची. गेली आठ वर्षं दरसाल एक बॅच पोती भरून नेते, ब्लॉक फोडून बघते, 'मजबुती समाधानकारक' लिहिते आणि पास होते. ढीग हाय तिथंच हाय, उलट वाढलाय.

पलीकडच्या हॉलात एक मॅडम 'अमुक अवकाशातील स्थिरबिंदू' वाचत होत्या. ऐकायला चौघं, त्यातली दोघं पुढचा नंबर लागणारी. येताना कोल्हापूरच्या शिवाजी पुलावर थांबलो. खाली पंचगंगेत केंदाळ, नुसती जलपर्णी.

माझं सरळ म्हणणं: पाच वर्षांत गावाच्या उपयोगी पडलं नाही त्या संशोधनाला सरकारी पैसा बंद. गणिताला तर आधी बंद. बाबूराव पेंटरांनी इथं कॅमेरा केला, म्हादबा मेस्त्रींनी इंजिनं केली. त्यांना कुठला स्थिरबिंदू लागला हुता?

राजारामपुरीतला मास्तर

एरवी असल्या पोस्टी वाचून मी पुढं सरकतो. पण 'गणिताला तर आधी बंद' वाचल्यावर चहा गिळवेना, म्हणून लांबण लावतोय.

तुमच्या भट्टीपासूनच सुरू करू. रायझर, म्हणजे थिजताना तुकड्याला जादा धातू पुरवणारा साच्यातला साठा, केवढा ठेवायचा हे तुमचा मेस्त्री अंदाजानं ठरवतो ना? त्या अंदाजाला 1940 मध्ये च्व्होरिनॉव्ह नावाच्या अभियंत्यानं आकड्यात बसवलं. तुकडा थिजायला लागणारा वेळ घनफळ भागिले पृष्ठफळ याच्या वर्गाच्या पटीत असतो. रायझर तुकड्यानंतर थिजला पाहिजे, नाहीतर तुकड्यात श्रिंकेज, म्हणजे आकसून पोकळी, आणि माल परत. तुम्ही ज्या सिम्युलेशनला पैसे मोजता त्याच्या पोटात उष्णतेचं समीकरण आहे. ते फूरिए या फ्रेंच गणितीनं 1822 मध्ये पुस्तकात छापलं. त्याला तुमची पाच वर्षांची अट लावली असती तर 1827 मध्ये दुकान बंद, आणि सॉफ्टवेअरच्या जागी आज तुम्ही नारळ फोडत बसला असता.

अजून एक. रेडॉन नावाच्या गणितीनं 1917 मध्ये एक निव्वळ गणिती प्रश्न सोडवला: एखाद्या आकृतीच्या सगळ्या रेषांवरच्या बेरजा माहीत असतील तर ती आकृती परत काढता येते का? येते. सीटी स्कॅन म्हणजे तेच. घरातल्या कुणाच्या डोक्याला मार लागला की धावत जाऊन तुम्ही 1917 चं गणितच विकत घेता.

त्या मॅडमचा पेपर चांगला होता का, मला माहीत नाही. बहुतेक नसावा. स्थिरबिंदू म्हणजे गणिती नियम लावला तरी जागचा न हलणारा बिंदू; त्याच्यावर आपल्याकडं जरा जास्तच दळण चालतं. पण एक भाकरी करपली म्हणून कुणी चूल फोडत नाही.

चंदगडकडची डॉक्टर

मास्तर, रेडॉनचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. सीटी स्कॅनच्या दोन जनकांपैकी एक कॉरमॅक, केपटाउनच्या रुग्णालयात अर्धवेळ काम करणारा भौतिकशास्त्रज्ञ. त्याला रेडॉन ठाऊकच नव्हता. सगळं गणित त्यानं नव्यानं मांडलं, 1963-64 मध्ये छापलं, आणि रेडॉननं हे आधीच केलंय हे त्याला नंतर कैक वर्षांनी कळलं. पुढं 1979 मध्ये स्कॅनचं यंत्र करणाऱ्या हाउन्सफील्डबरोबर नोबेल मिळालं. म्हणजे तुमचं 1917 चं प्रमेय अर्धं शतक कपाटात होतं आणि दवाखान्यातल्या माणसाला ते परत उगाळावं लागलं. हा गणिताचा विजय म्हणायचा?

उपयोजित संशोधन बघायचं तर डॉ. हिंमतराव बावस्कर बघा. महाड तालुक्यातलं बिरवाडीचं प्राथमिक आरोग्य केंद्र. लाल विंचू चावलेली पोरं रात्री यायची, थंडगार घामानं भिजलेली, आणि फुप्फुसात पाणी होऊन पहाटेपर्यंत जायची. त्यांनी रुग्णाशेजारी बसून नोंदी केल्या, 1982 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पत्र छापलं, आणि पुढं प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून दाखवली. दहातली तीन-चार पोरं दगावायची, तिथं प्रमाण शेकड्यात एकावर आलं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझा धाकटा मामा विंचवानं गेला. उतारा टाकला, मांत्रिक झाला, शेवटी बैलगाडीत. आई अजून गवताचा भारा काठीनं झटकल्याशिवाय उचलत नाही.

मास्तर

मामांचं वाचून वाईट वाटलं. कॉरमॅकचा मुद्दाही मान्य, मला तो ठाऊक होता आणि मी सोयीनं गाळला. पण डॉक्टर, त्याला तेच गणित दुसऱ्यांदा करावं लागलं याचा अर्थ गणित फुकट होतं, की ते वाचलेला माणूस दवाखान्यात नव्हता?

भट्टीवाला

बावस्करांना कोण नाही म्हणतंय? ते एक आहेत. बाकीच्या दोनशेचं बोला.

पीएच.डी. चौथं वर्ष, पर्यावरण

बाकीच्या दोनशेतली मी एक, म्हणून बोलते. काका, त्या मांडवात हौसेनं कोणी येत नाही. सरांना पदोन्नतीला गुण पाहिजेत, कॉलेजला मूल्यांकनाला आकडा पाहिजे, मला प्रबंध जमा करायचाय. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2022 मध्ये पीएच.डी.साठी पेपर छापायची सक्ती काढली, पण गाईडनं काढली नाही. 'पैसे भरा, आठवड्यात छापू' अशा मेल मला रोज येतात. एकदा भरलेत मी पैसे, लाज वाटते. त्या पेपरात माझं नाव तिसरं आहे, आणि पहिल्या नावाच्या माणसानं नदीचं पाणी बाटलीत भरताना एकदाही बघितलेलं नाही.

करवीरचा गुऱ्हाळवाला

पोरी, तुझं खरं हाय. पण संशोधन चांगलं असलं तरी काय हुतंय त्ये माझ्याकडनं ऐका. गुळाची मळी काढायला भेंडीचं पाणी वापरा, हायड्रॉस ही रंग उजळायची पावडर नको, ह्ये संशोधन केंद्राची माणसं आमच्या बापाच्या काळापासनं सांगत्यात. बरोबर सांगत्यात. मी तीन वर्सं केलं. गूळ झाला तांबूस, चवीला एक नंबर. सौद्यात व्यापारी म्हणला, 'काळा हाय, दर कमी.' शेजारच्याचा हायड्रॉसचा पिवळाधमक गूळ चढ्या दरानं गेला. आता पुण्यामुंबईची माणसं तोच तांबूस गूळ 'सेंद्रिय' म्हणून दुप्पट पैशानं घेत्यात, पण तवर माझा गूळ करणारा गुळव्या दुसऱ्याच्या काईलीवर गेला हुता. संशोधकानं गूळ सुधारला, गिऱ्हाइकाचे डोळे कोण सुधारणार?

निवृत्त पाटबंधारे

चर्चा भरकटतेय. भट्टीवाले, तुम्हाला गणित दिसत नाही कारण ते काम करतं. राधानगरीला शाहू महाराजांच्या धरणावर सात स्वयंचलित दरवाजे आहेत. बटण नाही, कोणाची ऑर्डर नाही. पाणी ठरल्या पातळीला आलं की पाण्याच्याच भारानं उघडतात, उतरलं की मिटतात. एका दरवाजातून 1428 क्युसेक. दर जुलैला तुम्ही 'दोन उघडले, चार उघडले' असे मेसेज फिरवता, ते उपयोजित गणितच आहे. लोक नंतर गप्पा मारतात की पूर कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं आला.

शिरोळचा

आला का अलमट्टीवर! गप्पा कोण मारतंय साहेब? 2019 ला माझ्या माडीवर पाणी होतं. 2021 ला परत. म्हशी सोडून दिल्या दावं कापून. तुम्ही कुठं होता, कोल्हापूरच्या ताराबाई पार्कात?

निवृत्त पाटबंधारे

मी कुठं राहतो त्याचा संबंध नाही. आकडे बघा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे 543 मीटर. अलमट्टी काठोकाठ भरलं तरी 519.60 मीटर. फरक 23 मीटरहून जास्त. पाणी डोंगर चढत नाही. 2019 च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनं 2020 मध्ये हेच सांगितलं.

शिरोळचा

कोल्हापूरचं नका सांगू, शिरोळचं सांगा. आमची पातळी तुमच्यापेक्षा किती खाली आहे ते तरी माहीत आहे का? नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुंबली की पंचगंगेला फुग येते, म्हणजे पाणी उलटं मागं चढतं, हे वाडीच्या देवळात पुराचं पाणी शिरल्यावर दक्षिणद्वाराला बुडी मारणारं शेंबडं पोर सांगेल. मधी कृष्णेवर हिप्परगी बंधारा आहे, गाळ आहे. आणि आता कर्नाटकाला अलमट्टीची उंची 524.256 मीटर करायचीय, कृष्णा पाणीवाटप लवादानं 2010 लाच परवानगी दिलीय. समितीचा अहवाल घेऊन माझ्या माडीवर या, पाणी उतरतंय का बघू.

निवृत्त पाटबंधारे

भावनेनं पूर उतरत नाही.

शिरोळचा

पेन्शनीनं पण उतरत नाही.

डॉक्टर

दोघंही जरा थांबा. पूर अलमट्टीचा असो की आभाळाचा, नंतर लेप्टो, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणारा ताप, आमच्याकडं येतो. तो टाळायला आठवड्याला 200 मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन, हे पनामाच्या जंगलात अमेरिकी सैनिकांवर तपासून 1984 मध्ये छापलेलं. पूरग्रस्तांना ते वाटताना कुणी विचारत नाही की हे संशोधन गावाचं का बाहेरचं.

मास्तर

डॉक्टर, गोळ्यांचं बरोबर, पण मला या दोघांना उत्तर द्यायचंय, कारण दोघंही गणितच करताहेत आणि दोघंही अर्धवट.

साहेब, 519.60 ची आडवी रेघ ओढून 543 मधून वजा करणं हे आठवीचं गणित झालं. तलावाला ते चालतं. वाहत्या नदीत पुराच्या पाण्याचा पृष्ठभाग तिरका असतो. धरणाची फुग किती मागं येते ते उतार, खोली, पात्राचा आकार आणि खडबडीतपणा यांवर ठरतं, आणि ते धरणापासून टप्प्याटप्प्यानं वर मोजत यावं लागतं. आणि शिरोळकर, फुग येते हे खरं असलं तरी कृष्णेची फुग वेगळी, अलमट्टीची वेगळी. पहिली धरण नसतानाही यायची. दुसरी तिच्यात किती इंच भर घालते, हा खरा प्रश्न. तो दंड थोपटून सुटत नाही.

निवृत्त पाटबंधारे

मास्तर, टप्प्याटप्प्यानं मोजणं आम्हाला शिकवू नका. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा लॉग टेबल घेऊन रात्र-रात्र केलंय.

मास्तर

मग मॅनिंगचा एन, म्हणजे पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा, किती धरलात?

निवृत्त पाटबंधारे

0.03.

मास्तर

का?

निवृत्त पाटबंधारे

पुस्तकात आहे म्हणून. तेव्हा सगळेच धरायचे.

पीएच.डी. चौथं वर्ष

सर, इथंच माझा प्रबंध अडकलाय! मॅनिंगनं पाण्याच्या वेगाचं सूत्र दिलं 1889 मध्ये, आणि आपण खडबडीतपणाचा आकडा अजून तक्त्यातून उचलतो. तक्त्यात गवत आहे, झुडपं आहेत. पंचगंगेच्या पूरक्षेत्रात उभा आहे ऊस, दोन पुरुष उंच, ऑगस्टमध्ये पाला न काढलेला. एन 0.03 च्या जागी 0.05 निघाला तर तेवढ्याच खोलीला आणि उताराला वेग 40 टक्क्यांनी कमी. म्हणजे पाणी तुंबणारच. त्यात महामार्गाचा शिरोलीजवळचा भराव. जुने विसर्ग आणि पातळ्या मागायला मी एका कार्यालयात सहा वेळा गेले. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत.' सातव्यांदा मिळालेल्या कागदावर फूट होतं की मीटर ते लिहिलेलं नव्हतं.

शिरोळचा

म्हणजे आता पूर आमच्या उसामुळं? वा ताई! अलमट्टी सुटली, हिप्परगी सुटली, महामार्ग सुटला, सापडला कोण तर ऊसवाला! शेवटी सगळ्यांचं संशोधन शेतकऱ्यापाशीच येऊन थांबतं.

पीएच.डी. चौथं वर्ष

दादा, सुटलं कुणीच नाही. महामार्गाचं मीच वर लिहिलंय. ऊस किती आडवतो ते मला ठाऊक नाही म्हणूनच मोजायचंय. कदाचित काहीच नाही निघणार. पुरात आडवा झाला तर पाणी वरून सरळ जाईल. तेही छापीन.

करवीरचा गुऱ्हाळवाला

आडवा पडलेल्या उसाचा गूळ करून बघा एकदा, मग कळंल कोण बुडालं.

भट्टीवाला

बरं, एक कबूल करतो, पण टाळ्या वाजवू नका. च्व्होरिनॉव्ह का कोण त्याचं नाव मेस्त्रीला सांगितलं. त्यो म्हणला, 'ह्ये तर सहा वर्षांपूर्वी एक बारकं पोरगं सांगून गेलं हुतं, तवाच नाही का रायझर बदलला आपण पंपाच्या बॉडीचा.' रिजेक्शन कमी झालं त्या वर्षी, मी समजत हुतो नव्या भट्टीमुळं. त्या पोराचं नावसुद्धा आम्हाला आठवंना. पण मास्तर, पोरगं आलं, सांगितलं, केलं. स्थिरबिंदूवाली मॅडम आली असती का शेडात?

मास्तर

कुणी बोलावलं होतं?

भट्टीवाला

बोलावतो की. सोमवारी सुट्टी असते, मंगळवारी या. मॅडमना पण आणा. वाळूचा ढीग दाखवतो, त्याचा काय बिंदू निघतो बघू.

निवृत्त पाटबंधारे

ताई, माझ्याकडं जुन्या वह्या आहेत. आडवे छेद, पातळ्या, पेन्सिलीनं. विसर्ग क्युसेकमध्ये, पातळ्या फुटांत, आणि तसं प्रत्येक पानावर लिहिलेलं आहे. घरी येऊन फोटो काढून न्या. 0.03 मी धरला होता हे प्रबंधात माझं नाव घालून लिहू नका म्हणजे झालं.

शिरोळचा

मोजपट्टी माझ्या रानात लावा, नाही म्हणत नाही. बांधावर लावा, सरीत नको, पाचटात हरवंल. आणि आकडा काय निघंल तो आधी मला सांगायचा, पेपरात नंतर. पण साहेब, एक राहिलंच. ते 519.60 मीटर कर्नाटकाच्याच पट्टीनं मोजलंय ना?