रग्बी लीगचे प्लेअर कोच होतात ते नक्की कसे?

माहीमचा_फुलबॅक:
मंडळी, मी मुंबईत रग्बी खेळतो, म्हणजे १५ जणांची युनियनच, पण बघायला मला १३ जणांची रग्बी लीगच जास्त आवडते. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर म्हणतात टॅकल, म्हणजे बॉलवाल्याला पकडून पाडणं, कायमचं बंद, आणि क्लबवाले म्हणतायत ज्युनिअर पोरांना शिकव. डोक्यात अजून खेळणंच आहे त्यामुळे हो म्हणवत नाहीये. लीगमधले मोठे प्लेअर कोचिंगला गेले ते थेट हेड कोच झाले की खालून वर आले?

गिरणगावकर:
बहुतेक खालूनच. अँडी फॅरेल बघ, इंग्लंडच्या विगन या लीग क्लबचा कॅप्टन, पण आयर्लंडच्या युनियन टीमला २०१६ ला आला तो डिफेन्स कोच म्हणून, तेव्हाचे हेड कोच ‘जो श्मिट’ यांच्या हाताखाली, २०१९ च्या वर्ल्डकपनंतर हेड कोच झाला आणि २०२३ ला ग्रँड स्लॅम, म्हणजे सिक्स नेशन्स स्पर्धेतल्या सगळ्या मॅच जिंकल्या. शॉन एडवर्ड्स पण विगनचाच, तो वेल्सला आणि मग फ्रान्सला डिफेन्स कोच. लीड्स या लीग क्लबचा कॅप्टन केविन सिनफिल्ड, त्यालाही इंग्लंडने आधी डिफेन्सलाच घेतलं. युनियनवाले लीगच्या माणसांना याच कामाला का बोलावतात तर लीगमध्ये प्रत्येक टॅकल झाला की डिफेन्सने १० मीटर मागे पळायचं, परत एका लाइनीत पुढे यायचं, सहा टॅकल होईपर्यंत हेच, त्यात एक जण जरी आधी सुटला की भगदाड पडलंच. हे करून करून त्यांच्या अंगात भिनलेलं असतं. तू पण तुला चांगलं येतं ते एकच घे, फुलबॅक आहेस तर उंच किक पकडायला शिकव, बाकीचं दुसऱ्या कोचकडे राहू दे.

परळची_ताई:
मी शाळेत कबड्डी शिकवते. खेळता येणं आणि शिकवता येणं यात खूप फरक आहे बरं का. विगनचा कोच मॅट पीट टॉप लेव्हलला कधी खेळलाच नाही तरी २०२३ आणि २०२४ ला सुपर लीग, म्हणजे तिथली लीगची सगळ्यात वरची स्पर्धा, जिंकून दिली त्याने. आपला कबड्डीतला अनुप कुमार २०१८ ला रिटायर झाला आणि २०१९ ला पुणेरी पलटणचा कोच, पण एवढ्या लगेच संधी सगळ्यांना नाही मिळत.

माहीमचा_फुलबॅक:
ताई पण स्वतः टॅकल करून दाखवता येणार नाही मग पोरं ऐकतील का?

परळची_ताई:
ऐकतात रे. दोन पोरांना उभं करायचं, हळू चालत करायला लावायचं, डोकं समोरच्याच्या पुढे न जाता मागच्या बाजूला गेलं पाहिजे एवढंच आधी बघायचं, मान वाचते. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचा ‘रग्बी रेडी’ कोर्स ऑनलाइन फुकट आहे तो आधी करून टाक. आणि क्लबला सांग पहिला सीझन असिस्टंट म्हणूनच येतो.