हाताचे आणि चेहऱ्याचे प्रत्यारोपण: शरीर परके अवयव कसे नाकारते?

कृष्णाकाठ:
ऑगस्ट २०२० मध्ये मुंबईतील परळ येथे एका तरुणीवर दोन्ही हातांचे प्रत्यारोपण झाले, तेव्हापासून एक शंका मनात आहे. माझ्या काकांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले असून ते रोज टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेतात. त्यांच्या शरीराने नवे मूत्रपिंड नाकारायला सुरुवात केली, तर रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढते आणि त्यावरून डॉक्टरांना संशय येतो. हाताच्या बाबतीत मात्र त्वचा, स्नायू, हाड, रक्तवाहिन्या असे सर्वच परके असते. मग तीच औषधे तेथे कशी पुरतात, आणि नाकारणे सुरू झाले आहे हे कशावरून ओळखतात?

त्रिज्या:
औषधे बहुतांशी तीच असतात. शस्त्रक्रियेच्या वेळी टी पेशींची (परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची) संख्या किंवा क्रियाशीलता कमी करणारे प्रतिपिंडाचे (विशिष्ट लक्ष्याला चिकटणाऱ्या प्रथिनाचे) इंजेक्शन देतात आणि पुढे टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट व स्टेरॉइड अशी त्रयी चालू राहते. ती पुरतात, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. हात किंवा चेहरा मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के रुग्णांना पहिल्या वर्षात तीव्र (अचानक उद्भवणाऱ्या) नकाराचा किमान एक झटका येतो. आधुनिक औषधांखालील मूत्रपिंडाच्या रुग्णांत हे प्रमाण याच्या कितीतरी खाली आहे.

याचे मुख्य कारण त्वचा हे आहे. बाहेरच्या जंतूंशी तिची अहोरात्र गाठ पडत असल्यामुळे तिच्यात लँगरहान्स पेशींसारख्या पहारेकरी पेशींची दाटी असते. दात्याच्या या पेशी त्वचेबरोबरच रुग्णाच्या शरीरात येतात आणि आपले प्रतिजन (ज्यांवरून शरीर परकेपणा ओळखते ते रेणू) रुग्णाच्या टी पेशींपुढे थेट मांडतात. त्यामुळे एकाच हातात स्नायू आणि हाड जवळजवळ शांत असताना त्वचेत दाह पेटलेला आढळतो.

ओळखण्याच्या बाबतीत मात्र हीच त्वचा उपयोगी पडते. लालसर चट्टे, पुरळ किंवा सूज रुग्णाला स्वतःला दिसते. मग त्वचेचा लहानसा तुकडा काढून बायोप्सी (सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) करतात आणि २००७ मध्ये ठरलेल्या बॅन्फ वर्गीकरणानुसार नकाराच्या तीव्रतेला शून्य ते चार अशी श्रेणी लावतात. बहुतेक झटके शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने आटोक्यात येतात. सौम्य असल्यास स्टेरॉइडचे किंवा टॅक्रोलिमसचे मलमही कधी कधी पुरते.

सदाफुली:
त्रिज्या यांच्या उत्तराला इतिहासाची थोडी जोड देते. १९६४ मध्ये इक्वेडोरमध्ये हाताचे प्रत्यारोपण झाले होते, पण तेव्हाची औषधे दुबळी असल्याने तो हात काही आठवड्यांतच काढावा लागला. सप्टेंबर १९९८ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे झाँ-मिशेल द्युबेरनार यांच्या पथकाने क्लिंट हॅलम यांना हात बसवला. हॅलम यांनी पुढे औषधे सोडली, शरीराने हात नाकारला आणि २००१ मध्ये त्यांच्याच इच्छेनुसार तो काढण्यात आला. या प्रसंगाचा दोष पुष्कळदा शस्त्रक्रियेला दिला जातो, ते मला अन्यायाचे वाटते.

चेहऱ्याचे पहिले अंशतः प्रत्यारोपण नोव्हेंबर २००५ मध्ये फ्रान्समधीलच आमियाँ येथे इझाबेल दिनोआर यांच्यावर झाले. दात्याच्या हाताच्या त्वचेचा एक तुकडा त्यांच्या स्तनाखाली मुद्दाम बसवला होता, जेणेकरून बायोप्सीसाठी चेहऱ्यावर वारंवार वण पडू नयेत. नकाराचा पहिला झटका तिसऱ्या आठवड्यातच आला आणि तो आवरता आला.

कृष्णाकाठ:
दोघांचेही आभार. पण झटका आवरता आलाच नाही तर? हात काढून टाकता येतो. चेहऱ्याचे काय करतात?

त्रिज्या:
येथेच दोन्ही प्रत्यारोपणांच्या वाटा वेगळ्या होतात. तीव्र नकारापेक्षा मला जुनाट नकार अधिक धोकादायक वाटतो. त्यात रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर हळूहळू जाड होऊन रक्तपुरवठा आटतो, आणि वरची त्वचा बराच काळ ठीक दिसू शकते. म्हणजे आधी सांगितलेला डोळ्यांचा पहारा येथे निरुपयोगी ठरतो. दिनोआर यांनी २०१६ मधील मृत्यूपूर्वी ओठांच्या हालचालींचा काही भाग गमावला होता. पॅरिसमधील जेरोम आमाँ यांना २०१० मध्ये मिळालेला चेहरा जुनाट नकारामुळे २०१७ मध्ये काढावा लागला, नवा दाता मिळेपर्यंत सुमारे दोन महिने ते चेहऱ्याविना रुग्णालयात होते आणि जानेवारी २०१८ मध्ये शल्यचिकित्सक लोराँ लांतिएरी यांनी त्यांच्यावर दुसरे प्रत्यारोपण केले. दुसऱ्यांदा प्रत्यारोपण शक्य आहे हे त्यातून सिद्ध झाले, पण त्याच्या भरवशावर पहिले करावे असे कोणीही म्हणणार नाही.

भाजलेल्या रुग्णांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. जीव वाचवण्यासाठी त्यांना मृत दात्यांची त्वचा लावलेली असते आणि पुष्कळ रक्तही दिलेले असते. त्यामुळे परक्या प्रतिजनांविरुद्धची प्रतिपिंडे आधीच तयार झालेली असू शकतात आणि क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध प्रतिपिंडे आहेत का, ही चाचणी) जुळणारा दाता मिळणे कठीण होते.

सदाफुली:
कृष्णाकाठ, आपल्या काकांनाही लागू पडणारी एक गोष्ट सांगते. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी वाढते, तर क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनने ती खाली येते आणि नकाराला वाट मोकळी होते. म्हणून साध्या खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावरही प्रत्यारोपणाची माहिती काकांनी आधी द्यावी आणि नवे औषध आपल्या नेफ्रोलॉजिस्टना (मूत्रपिंडतज्ज्ञांना) विचारूनच सुरू करावे.