मल्हारगडाच्या वाटेवर दोन धावगट एकत्र: वेगातील फरक कसा सांभाळावा?

प्रश्न (पहाटफेरी):
नमस्कार. हडपसर परिसरातील आमचा हौशी धावगट दर रविवारी डांबरी रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर धावतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सासवडच्या गटाने आम्हाला मल्हारगडाच्या रानवाटेवर बोलावले आहे. झेंडेवाडीकडून गड चढायचा, सोनोरीत उतरायचे आणि तेथे एकत्र न्याहारी करायची, असा बेत आहे. दोन्ही गट मिळून चाळीस जण होतील. त्यांच्यातील दहा-बारा जण चढावरही न थांबता पळतात, तर आमच्याकडे पन्नाशी ओलांडल्यावर धावायला लागलेल्या अनेक जणी आहेत.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका गटाबरोबर गेलो असताना वेगवान मंडळी पुढे निघून गेली आणि मागे राहिलेल्या आमच्या पाच जणी चुकून खडीच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागल्या. त्या परतल्या तेव्हा पोहे संपून पातेली टेम्पोत चढली होती. त्यांच्यापैकी दोघी पुन्हा गटात आल्या नाहीत, याची खंत मला अजून आहे. वेगानुसार दोन तुकड्या केल्या तर एकत्र धावण्याला अर्थच उरत नाही. यावर कोणी काही उपाय केला आहे का?

उत्तर १ (डोंगरवाट):
आपल्या अडचणीवरचा उपाय बराच जुना आहे. १९३८ मध्ये क्वालालंपूर येथे काही ब्रिटिश मंडळींनी ‘हॅश हाउस हॅरियर्स’ हा धावगट सुरू केला. त्यांच्या पद्धतीत एक-दोघे ‘ससे’ होऊन आधी वाट आखून ठेवतात आणि उरलेले सर्व खुणा शोधत त्यांच्या मागावर धावतात. जेथे वाट फुटते तेथे ससे एक वर्तुळ काढतात आणि त्यापुढे काही अंतर खूणच ठेवत नाहीत. शिवाय एखाददुसरी फसवी वाटही आखतात. पुढे असलेले वेगवान धावपटू सगळ्या वाटा धुंडाळून परत येतात, त्यांचे अंतर आपोआप वाढते आणि तेवढ्या वेळात मागचे लोक वर्तुळापाशी पोहोचतात. खरी वाट सापडली की मोठ्याने हाक द्यायची आणि सर्वांनी तेथून पुढे निघायचे. अशा रीतीने कोणालाही वेग आवरावा लागत नाही आणि कोणी एकटेही पडत नाही.

आम्ही हे दोनदा केले आहे. पहिल्या वेळी ज्वारीच्या पिठाने खुणा केल्या होत्या, परंतु आमच्या आधी त्या वाटेने गेलेल्या शेळ्यांनी दगडांवरचे पीठ चाटून साफ केले होते आणि अर्धा तास आम्ही वाट शोधत राहिलो. तेव्हापासून आम्ही रांगोळी वापरतो. काळ्या कातळावर मूठभर पांढरी रांगोळी लांबूनही दिसते.

उत्तर २ (अंजीरबाग):
माझी शेती याच पट्ट्यात आहे, म्हणून कळकळीने लिहीत आहे. फसव्या वाटा फक्त माळावर आणि गडाच्या उतारावर ठेवाव्यात, शेतांच्या बाजूला एकही नको. त्या सुमारास रब्बीची ज्वारी कोवळी असते आणि अंजिराच्या व सीताफळाच्या बागांत ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या असतात. धावत्या बुटाखाली जोडाची नळी निसटली, तर ते आम्हाला कळेपर्यंत पुढची झाडे कोरडी राहतात. बांधावरून जाणे टळत नसेल, तर आदल्या आठवड्यात त्या शेतकऱ्याला प्रत्यक्ष भेटून विचारावे. आपुलकीने विचारल्यावर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

गडाविषयीही थोडे सांगतो. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख असलेल्या पानसे घराण्याने १७५७ ते १७६० या काळात तो बांधला. बालेकिल्ल्यात खंडोबाची आणि महादेवाची अशी दोन लहान देवळे आहेत. सर्वांनी एकत्र येण्यासाठी त्याहून चांगली जागा मिळणार नाही. मात्र तटावर किंवा पायऱ्यांवर रांगोळीची खूण करू नये.

उत्तर ३ (रानपाखरू):
या दिवसांत वाळलेल्या गवताची कुसळे मोज्यांत शिरतात आणि पावलोपावली टोचतात, त्यामुळे घोटा झाकणारे काहीतरी घालावे. गवतात घोणसही असते. दंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. अवयव स्थिर ठेवून १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. गडावर पाण्याचा भरवसा धरू नये, प्रत्येकाने किमान एक लिटर पाणी सोबत न्यावे.

प्रश्नकर्ता (पहाटफेरी):
सर्वांचे मनापासून आभार. आज सासवडच्या मंडळींशी बोलणे झाले. त्यांच्यातील एक आणि आमच्यातील एक असे दोन ससे आदल्या संध्याकाळी वाट आखतील आणि सोनोरीच्या बाजूच्या शेतकऱ्यांना त्याआधी भेटून येतील. फसव्या वाटा झेंडेवाडीकडच्या चढावरच राहतील. सर्वांत मागे दोन्ही गटांतील एकेक अनुभवी धावपटू असेल, आणि ते दोघे सोनोरीत पोहोचेपर्यंत पोह्यांच्या पातेल्यावरचे झाकण निघणार नाही, असे ठरले आहे. गट सोडून गेलेल्या त्या दोघींना आज रात्री मी स्वतः फोन करणार आहे.