शब्दचर्चा : टार्टनला नुसतं 'चेक्स' म्हणायचं का?

भाची एडिनबराहून सुट्टीला आली, माझ्यासाठी लाल-हिरवा लोकरीचा स्कार्फ आणला. मी म्हटलं, छान चेक्स आहेत गं. तर म्हणते, मावशी चेक्स नाही, टार्टन. आता यात वेगळं काय ते मला कळलं नाही, आणि मराठीत याला शब्द आहे का? चौकडा, चौकडी, चौकटीचं कापड, नेमकं कुठलं? आणि दुसरं म्हणजे किल्ट (स्कॉटलंडच्या पुरुषांचा तो घागरा) सोडून हे लोक ते घालतात तरी कसं, माझ्या डोळ्यासमोर बॅगपाइप फुंकणारा बुवाच येतो.

---

ताई, भाचीचं बरोबर आहे पण तुमचंही चूक नाही. टार्टन हे चेक्सच, फक्त त्या घराण्यातलं जरा सोवळ्यातलं. अकरा वर्षं ग्लासगोत आहे, इथे दुकानात चेक्स म्हटलं तर कोणी रागवत नाही, पण स्कार्फ एकदा डोळ्याजवळ धरून बघा. उभ्या धाग्यांत रंगांचा जो क्रम तोच आडव्यात, धागेही मोजून तेवढेच. त्या क्रमाला इथे सेट म्हणतात (टीव्ही सेटमधला नव्हे, याला शेवटी दोन टी). लाल उभा लाल आडव्याला भेटला की नितळ लाल चौकोन, आणि लाल हिरव्याला भेटला की मिसळलेला रंग, त्यात बारीक तिरक्या रेघा. म्हणजे तीन रंगांचं सूत घेतलं की तीन नितळ आणि तीन मिश्र असे सहा रंग दिसतात, चार घेतले की दहा. गंमत इथेच आहे.

शब्दांचं म्हणाल तर तीन वेगळे आहेत आणि आपण तिन्हींची भेळ करतो. टार्टन हे नक्षीचं नाव. प्लेड हा मुळात गेलिक, म्हणजे इथल्या जुन्या भाषेतला शब्द, अर्थ घोंगडी. डोंगराळ भागातले लोक ती कमरेला पट्ट्याने आवळायचे, वरचा भाग खांद्यावर घ्यायचे आणि रात्री तीच अंगावर ओढून झोपायचे, आपल्या धनगराच्या घोंगडीचंच काम. अमेरिकेत मात्र प्लॅड म्हणजे नक्षी, म्हणून ऑनलाइन खरेदीत घोळ होतो, प्लॅड शर्ट लिहिलेलं असतं आणि येतात कसलेही चौकोन. गेलिकमध्ये टार्टनला ब्रेकन म्हणतात, ज्या शब्दावरून आलाय त्याचा अर्थ ठिपकेदार, कबरा, ट्राउट माशालाही तोच शब्द. म्हणजे त्यांना त्यात चौकोन दिसलेच नाहीत, रंगांचा कबरेपणा दिसला!

आणि चेक्स? हा तर आपल्या घरातलाच निघतो. बुद्धिबळातला फारसी शाह, तो अरबी-फ्रेंच करत इंग्रजीत चेक झाला, पटावरच्या चौकोनांवरून कापडाला लागला. आपण 'शह दिला' म्हणतो तो शहही तोच. त्यामुळे चेक्सला परका शब्द म्हणून कोणी हाकलायला निघालं तर मी तरी मध्ये पडेन.

आता घालण्याचं. किल्ट विसराच, चांगल्या किल्टला आठ वार कापड लागतं, जवळपास नऊवारी झाली की. रोज कोण घालतंय, इथलेही लग्नात नाहीतर मॅचला घालतात. रोजच्यात माझा एकच नियम, अंगावर टार्टन एकच वस्तू आणि बाकी सगळं साधं. ऑफिसला मी ब्लॅक वॉच नावाच्या टार्टनचा मफलर घेतो, गडद निळा-हिरवा-काळा, लांबून प्लेन वाटतो आणि लिफ्टमध्ये शेजारी उभं राहिलं की नक्षी दिसते. दुसरा प्रकार ट्रूज, म्हणजे टार्टनची पँट. पण त्यावर नेव्ही स्वेटर पाहिजे, वर चेक्सचा शर्ट चढवलात तर सर्कस. टायमध्ये कापड तिरकं कापतात त्यामुळे चौकोनाचे शंकरपाळे होतात, ते मला फार आवडतं.

आणखी एक, सेट केवढा ते बघा. मोठ्या चौकोनाचं कापड शालीला, ओव्हरकोटला. बारीक असेल तर टाय, टोपी, पर्सचं अस्तर. किल्टचं कापड बुटक्या माणसाच्या शर्टाला लावलं तर अख्ख्या छातीवर दोनच चौकोन येतात, मी हे स्वतःवर करून बघितलंय.

---

'सोवळ्यातलं' म्हणालात म्हणून विचारते, ते घराण्यांचं असतं ना? कुठल्या घराण्याचं घेतलं आणि त्यांना राग आला तर?

---

नाही येत. कायदा नाही, रिवाज आहे. बाल्मोरल टार्टन तेवढं राजघराण्यासाठी राखलेलं, ते 1853 साली व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याने काढलं. बाकी रॉयल स्टुअर्ट तर बिस्किटांच्या डब्यावर पण असतं. शिवाय एका घराण्याला एक टार्टन हे प्रकरण लोक समजतात तितकं जुनं नाही. कलोडनच्या लढाईत डोंगराळ भागातल्या बंडखोरांचा पाडाव झाला, त्यानंतर 1746 च्या कायद्याने इथल्या पुरुषांना हा पोशाख बंदच केला होता, पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सात वर्षं समुद्रापार. पलटणीला सूट होती. 1782 ला बंदी उठली, 1822 ला राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळ्यांना टार्टन घालून उभं केलं, आणि मग जो तो आपल्या आडनावाचं टार्टन शोधायला लागला. आता सरकारी नोंदवहीसुद्धा आहे, 2009 पासून.

---

इचलकरंजीहून. आमच्या घरी माग होते म्हणून दोन शब्द. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. ताण्यात रंग घालणं सोपं, एकदा भरला की झालं. बाण्यात चार रंग म्हणजे चार धोटे (आडवा धागा नेणारे) आणि ते बदलणारा ड्रॉपबॉक्सचा माग, तिथे एक धागा चुकला की चौकोन लंगडा. दादांनी सांगितलेल्या तिरक्या रेघा ट्विल विणीमुळे, जीन्सच्या कापडावर दिसतात तशाच. आपली चौकड्याची लुंगी, कुणबी साडीच्या तांबड्या चौकटी, मद्रास चेक्स हे सगळं साध्या विणीचं, त्यात मिश्र रंग दिसतो पण तिरकी रेघ नाही. आमच्याकडे कापडाला चौकडाच म्हणतात. तेव्हा माझं मत, टार्टनला टार्टनच म्हणा, समजवायचं असेल तर 'ट्विलचा चौकडा'.

---

चौकडा म्हटलं की माझ्या आजीला कानातला आठवायचा, चार मोत्यांचा, जुन्या फोटोंत पुरुषांच्या कानात दिसतो तो. म्हणून मी चौकटीचं कापडच म्हणते.

बरं, तुमचं वाचून मी हौसेने सुती टार्टन आणून कुर्ता शिवायला टाकला. शिंपीदादांनी खिसा लावलाय तो दोन बोटं खाली, बाजूच्या शिवणीवर लाल पट्टा एकीकडे संपतो आणि हिरवा दुसरीकडे सुरू होतो. विचारलं तर म्हणे चेक्स मॅच करायचे होते तर अर्धा मीटर जास्त आणायचं होतं.

---

शिंपीदादांचं बरोबर आहे ताई, चौकटी जुळवायच्या तर जास्तच लागतं. खिसा मात्र अजून वाचेल, उसवून तिरका लावायला सांगा. तिरका लावला की जुळवायचा प्रश्नच नाही आणि मुद्दामच केलंय असं वाटतं. तो लोकरीचा स्कार्फ पुण्याच्या थंडीत साध्या कॉटनच्या साडीवर एका खांद्यावर उपरण्यासारखा टाका. प्लीटचा स्कर्ट तेवढा शिवू नका, कोणीतरी कितवीत आहात विचारेल.

---

खिसा तिरका करून आणला. शिंपीदादा म्हणाले, शंकरपाळ्याचा खिसा.