सायकलच्या उभ्या पंपाचे घरात आणखी कोणते उपयोग करता येतील?

कोथरूडकर (प्रश्न):

नमस्कार. माझ्याकडे सायकलच्या चाकात हवा भरण्याचा उभा पंप आहे. खालच्या पट्टीवर दोन्ही पाय रोवून मूठ दोन्ही हातांनी दाबायची, या पद्धतीचा तो आहे. त्याच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर ११ बारपर्यंत, म्हणजे १६० पीएसआयपर्यंत आकडे आहेत. तोंड दुहेरी असल्यामुळे रेसिंग सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हलाही ते बसते आणि मोटारीच्या जाड श्रेडर व्हॉल्व्हलाही. गुडघ्याच्या दुखण्यामुळे माझे सायकल चालवणे गेल्या वर्षी थांबले आणि सायकल भाच्याकडे गेली, पण पंप मात्र दाराआड उभाच राहिला.

गेल्या आठवड्याच्या पावसात आमच्या सरकत्या खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रॅकमध्ये पाणी साचले आणि ते आत गादीपर्यंत आले. पाणी बाहेर जाण्यासाठी ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला बोटभर लांबीच्या दोन फटी ठेवलेल्या असतात, त्या मातीने आणि मेलेल्या किड्यांनी गच्च बसल्या होत्या. खराट्याची काडी घातली तर गाळ आणखी आत सरकला. शेवटी पंपाबरोबर मिळालेली प्लास्टिकची निमुळती तोटी फटीशी धरली, कडेने ओले फडके दाबले आणि जोरात तीन-चार पंप मारले. काळा चिखल फस्सकन बाहेर उडाला आणि साचलेले पाणी पाहता पाहता उतरले. त्या क्षणापासून या वस्तूकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो आहे.

आपणांपैकी कोणी या पंपाचा घरात असा वापर केला आहे का? माझ्या मनात सध्या तीन कामे आहेत: स्वयंपाकघरातील तुंबलेले सिंक, दिवाळीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी हवेची गादी आणि गच्चीवरचा, नळांना जोराने पाणी देणारा प्रेशर पंप, जो अलीकडे नळ जरा उघडला तरी सारखा चालू-बंद होतो. पंप कुठे वापरू नये, हेही अनुभवी मंडळींनी अवश्य सांगावे.

यंत्रमित्र:

धागा आवडला. तुमच्या तीन कामांपैकी एक या पंपाने उत्तम होईल, एक होईल पण करू नये, आणि एक मुळीच करू नये. याचे कारण पंपाच्या घडणीत आहे, म्हणून आधी तेवढे सांगतो.

उभ्या पंपाचे नळकांडे आतून साधारण ३ सेंटिमीटर रुंद असते आणि दट्ट्या ४५ सेंटिमीटरच्या आसपास खाली जातो. हिशेब केला तर एका वेळी जेमतेम ३०० मिलिलिटर, म्हणजे दीड पेला हवा पुढे जाते. नळकांडे अरुंद असल्यामुळेच हाताच्या जोराने एवढा मोठा दाब तयार करता येतो; दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर आहे, त्यामुळे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब हवा असेल तर मुठीवर सातच किलोंचा भार द्यावा लागतो. हे यंत्र थोडी हवा मोठ्या दाबाने देणारे आहे. ज्या कामाला पुष्कळ हवा कमी दाबाने लागते, तिथे ते माणसाला नुसते दमवते. दोन माणसांच्या हवेच्या गादीत सहज ४०० लिटर हवा मावते, म्हणजे तुम्हाला तेराशेहून अधिक पंप मारावे लागतील. गादीसाठी पायाने दाबायचा भाता किंवा विजेवरचा लहान पंखा घ्यावा, हे उत्तम.

सिंकच्या बाबतीत माझे स्पष्ट मत असे आहे, की पंप लावू नये. सिंकखालच्या प्लास्टिकच्या बाटलीसारख्या ट्रॅपचे जोड हाताने आवळलेले असतात, ते पाण्याच्या उतारासाठी केलेले असतात, दाबासाठी नव्हे. शिवाय आधी कोणी नळी मोकळी करण्याची कॉस्टिकची पूड किंवा अ‍ॅसिड टाकले असेल, तर हवेच्या झोताने ते उलटे तोंडावर उडते आणि डोळा जायची वेळ येते. खाली बादली ठेवून ट्रॅप फिरवून काढावा आणि धुवावा. दहा मिनिटांचे काम आहे.

आता प्रेशर पंप. तुमच्या वर्णनावरून दोष पंपाचा नसून त्याला जोडलेल्या पोलादी टाकीतील हवेचा असावा, असे वाटते. त्या टाकीत रबराची पिशवी असते. पिशवीत पाणी असते आणि पिशवी व टाकी यांच्या मधल्या जागेत हवा कोंडलेली असते. ही हवा स्प्रिंगचे काम करते, म्हणून नळ उघडल्यावर पंप लगेच सुरू न होता आधी टाकीतले पाणी येते. वर्ष-दोन वर्षांत ही हवा हळूहळू निघून जाते आणि मग चूळ भरण्याइतके पाणी घेतले तरी पंप धडपडत सुरू होतो व लगेच थांबतो. असेच चालू राहिले, तर प्रेशर स्विचचे पॉइंट जळतात आणि मोटरही लवकर जाते.

टाकीच्या मागच्या टोकाला प्लास्टिकचे टोपण असते, त्याखाली मोटारीच्या चाकाला असतो तोच श्रेडर व्हॉल्व्ह असतो. तुमच्या पंपाचे तोंड त्याला जसेच्या तसे बसेल. मात्र क्रम चुकवू नये. आधी पंपाची वीज बंद करावी, वरच्या टाकीकडून येणारा कॉक बंद करावा, मग घरातला एक नळ उघडून पाणी पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. टाकीत पाणी असताना मोजलेला दाब खोटा असतो, कारण तो पाण्याचाच दाब असतो. टाकी रिकामी झाल्यावर हवेचा दाब मोजावा आणि पंप ज्या दाबाला सुरू होतो त्यापेक्षा सुमारे ०.२ बार कमी ठेवावा. म्हणजे पंप १.६ बारला सुरू होत असेल, तर हवा १.४ बार भरावी.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. व्हॉल्व्हची पिन नखाने दाबल्यावर हवेऐवजी पाणी आले, तर पिशवी फाटली आहे असे समजावे. मग हवा भरून काहीही होणार नाही, पिशवी बदलावी लागेल.

शिवणटिपण:

मी शिवणयंत्र आणि गॅसची शेगडी अशा दोन कामांसाठी मुलाचा पंप वापरते. यंत्राबद्दल थोडी सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. सुईखालची पट्टी काढली की कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मध्ये दोऱ्याचा आणि कापसाचा भुरा तेलात भिजून नमद्यासारखा थापलेला दिसतो. त्यावर थेट हवा मारली, तर तो भुरा आत, शटलच्या मागे जाऊन बसतो आणि यंत्र जड चालू लागते. म्हणून आधी बॉबिन केस काढावी, ताठ ब्रशने थर सुटा करावा, चिमट्याने उचलावा आणि उरलेल्या बारीक धुळीसाठीच, आतून बाहेर येईल अशा दिशेने, एक-दोन पंप मारावेत. नंतर तेलाचा थेंब द्यावा.

शेगडीचे पितळी बर्नर मी साबणाने धुते. धुतल्यावर त्यांच्या छिद्रांत पाणी अडकून राहते आणि ज्योत अर्धी निळी, अर्धी पिवळी फडफडते, हा अनुभव अनेकींना असेल. बर्नर सिंकमध्ये धरून पंपाची तोटी आतून लावली, की प्रत्येक छिद्रातून पाण्याचे तुषार निघताना दिसतात. हे फक्त शेगडीपासून सुटे काढलेल्या बर्नरसाठी आहे. गॅसची नळी, रेग्युलेटर आणि आतला जेट यांना पंप लावण्याचा विचारही कोणी करू नये. ते काम गॅसच्या मेकॅनिकचे आहे.

गच्चीबाग:

आमच्या गच्चीवरील कुंड्यांना ठिबक आहे. १६ मिलिमीटरची मुख्य नळी आणि तिच्यातून निघणाऱ्या ४ मिलिमीटरच्या बारीक नळ्या, अशी साधी रचना आहे. पावसाळ्यात ठिबक बंद असते, त्या चार महिन्यांत बारीक नळ्यांत मुंग्या माती भरतात आणि शेवाळही धरते. ऑक्टोबरमध्ये सुरू करताना मी प्रत्येक बारीक नळी मुख्य नळीपासून सोडवते आणि ड्रिपर, म्हणजे टोकाची थेंब सोडणारी तोटी, काढून पंपाने फुंकते. नळी जोडलेली असतानाच हवा मारली, तर कचरा मुख्य नळीत जातो आणि तिथून दुसऱ्या कुंडीच्या ड्रिपरमध्ये अडकतो. पहिल्या वर्षी मी हीच चूक केली होती आणि तुळशीची कुंडी कोरडी पडली होती.

बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार मात्र हवेने निघत नाही. त्यासाठी ड्रिपर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवावे लागतात, नंतर हवा मारावी.

मैदानावरून:

चेंडूंविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. मी मुलांना खेळ शिकवतो आणि अशा उभ्या पंपाने फुगवताना फुटलेल्या शिवणी मी पाहिल्या आहेत. फुटबॉलच्या नियमांत हवेचा दाब ०.६ ते १.१ वातावरण (एक वातावरण म्हणजे साधारण एक बार) असा दिला आहे, तर व्हॉलीबॉलला दर चौरस सेंटिमीटरला केवळ ०.३० ते ०.३२५ किलो दाब लागतो. वर यंत्रमित्रांनी सांगितलेल्या ३०० मिलिलिटरच्या हिशेबाने पाहिले, तर नुसता आकार धरलेल्या व्हॉलीबॉलला पाच-सहा पंप पुरतात आणि फुटबॉलला पंधरा-सोळा. आणखी एक गोष्ट अशी, की ११ बारपर्यंतच्या काट्यावर ०.३ हा आकडा नीट वाचताच येत नाही, काटा तिथे जेमतेम हलतो. म्हणून चेंडूसाठी पंप मोजून मारावेत आणि अंगठ्याने दाबून पाहावे. सुई आत घालण्यापूर्वी ओली करावी, कोरड्या सुईने आतला रबरी व्हॉल्व्ह फाटतो.

यंत्रमित्र:

चांगली भर पडली. दोन गोष्टी राहिल्या होत्या. स्प्लिट एसीच्या पाण्याची नळी तुंबली आणि पाणी घरात भिंतीवरून ओघळू लागले, तर अनेक जण बाहेरच्या टोकातून हवा मारतात. तसे केल्यास बुळबुळीत गाळ वर ट्रेमध्ये जातो आणि आठ दिवसांत पुन्हा खाली येतो. बाहेरच्या टोकाने ओढून घेणे अधिक चांगले. जुन्या पंपातील दट्ट्यावरची चामडी वायसर उलटी बसवली आणि तळाचा एकमार्गी व्हॉल्व्हही उलटा करता आला, तर तोच पंप हवा ओढू लागतो. नव्या पंपांत हे सहज जमत नाही, तिथे ओले-कोरडे ओढणारा व्हॅक्युम क्लीनर लावावा.

दुसरी गोष्ट पंपाच्या निगेची. वायसर चामडी असेल तर शिवणयंत्राच्या तेलाचे तीन-चार थेंब द्यावेत, चामडे मऊ होऊन पसरते आणि हवा धरते. रबरी असेल तर ते तेल घालू नये, रबर फुगते. सिलिकॉन ग्रीस वापरावे. आणि तोटी कधीही डोळ्यांकडे, कानाकडे किंवा अंगावरच्या जखमेकडे धरू नये, मुलांना तर हे बजावूनच सांगावे. साफसफाई करताना चश्मा घालावा.

कोथरूडकर:

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी गच्चीवरचे काम केले. आमची टाकी २४ लिटरची आहे. वीज आणि कॉक बंद करून, नळ पूर्ण गळू दिल्यावर काटा लावला, तर हवा ०.४ बारच निघाली. पिन दाबल्यावर पाणी आले नाही, त्यामुळे जीव भांड्यात पडला. पंप १.६ बारला सुरू होतो हे त्याच्या डायलवर पाहून घेतले आणि १.४ बारपर्यंत हवा भरली. मध्ये दोनदा थांबून ऐंशीच्या आसपास पंप मारावे लागले. उभ्या उभ्या हातांचेच काम असल्यामुळे गुडघ्याला त्रास झाला नाही. आता हात धुताना पंपाचा आवाज येत नाही, अर्धी बादली भरत आली की मग तो सुरू होतो.

सिंकचा ट्रॅप संध्याकाळी उघडणार आहे. पाहुण्यांसाठी शेजाऱ्यांकडून कापसाच्या दोन गाद्या सांगून ठेवल्या आहेत.